बेताच्या बजेटमध्ये हाय-एंड गेमिंग पीसी: कुठे खर्च करायचा, कुठे हात आखडायचा

पार्टची यादी करायला बसलं की बहुतेकांचं बोट आधी प्रोसेसरवर जातं. सुरुवात मॉनिटरपासून करायला हवी. ग्राफिक्स कार्डावर किती काम पडणार हे मॉनिटर ठरवतो. कार्ड ठरलं की पॉवर सप्लाय आणि कॅबिनेट ठरतं, आणि बाकीचं सगळं उरलेल्या पैशांत बसवायचं असतं. उलट दिशेने गेलात तर महागडा प्रोसेसर आणि त्याच्या शेजारी धापा टाकणारं कार्ड अशी जोडी पदरात पडते.

पहिला टप्पा: रिझोल्यूशन

१९२०×१०८० च्या पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल असतात, २५६०×१४४० वर ३६.९ लाख आणि ३८४०×२१६० म्हणजे ४के वर ८२.९ लाख. १०८०पी वरून १४४०पी ला जाताना कार्डाचं काम पावणेदोन पटीहून थोडं जास्त होतं, पण १४४०पी वरून ४के ला जाताना ते थेट सव्वादोन पट होतं. चित्रातला फरक मात्र त्या प्रमाणात वाढत नाही. म्हणून बजेट बेताचं असेल तर २७ इंची, १४४०पी, १४४ ते १८० हर्ट्झचा (सेकंदाला इतक्या वेळा चित्र बदलणारा) आयपीएस पॅनेलचा मॉनिटर हेच योग्य लक्ष्य. त्यात व्हेरिएबल रिफ्रेश रेट, म्हणजे कार्डाच्या वेगाशी जुळवून घेणारा रिफ्रेश, हवाच. फ्रेम रेट खालीवर झाला तरी चित्र फाटल्यासारखं दिसत नाही, त्यामुळे थोडं हलकं कार्डही चालून जातं.

४के मॉनिटर आधीच घरात असेल तरी बिघडत नाही. ४के वर डीएलएसएस (एनव्हिडियाचं कमी पिक्सेलवरून मोठं चित्र बनवणारं तंत्र) क्वालिटी मोडला लावलं की गेम आतून २५६०×१४४० वरच रेंडर होतो आणि मग मोठा केला जातो. म्हणजे १४४०पी साठीचं चांगलं कार्ड ४के वरही बऱ्याच गेममध्ये तग धरतं.

दुसरा टप्पा: पैशांची वाटणी

मॉनिटर, कीबोर्ड, माऊस बाजूला ठेवा आणि फक्त टॉवरचं (कॅबिनेट आणि त्यातल्या पार्टचं) बजेट १०० धरा. त्यातले ४० ते ४५ ग्राफिक्स कार्डाला, १५ ते १८ प्रोसेसरला, १० मदरबोर्डला, ७ ते ८ पॉवर सप्लायला, ५ कॅबिनेटला, ३ कूलरला. उरलेल्यात रॅम आणि एसएसडी. २०२५ च्या शेवटी रॅमच्या किमती जोरात चढल्या आणि ही वाटणी अनेकांची विस्कटली. अशा वेळी रॅमचा वाढीव खर्च कार्डातून कापू नका. आधी एसएसडी २ टीबीऐवजी १ टीबी करा, मग मदरबोर्ड एक पायरी खाली आणा, मग प्रोसेसर. नंतर सहज वाढवता येईल त्यावर आज कमी खर्च करायचा, आणि बदलायला अख्खा पीसी उकलावा लागेल ते आजच नीट घ्यायचं. एसएसडी दहा मिनिटांत वाढते. पॉवर सप्लाय बदलायचा तर सगळ्या केबल उपसाव्या लागतात.

तिसरा टप्पा: ग्राफिक्स कार्ड

इथे सगळ्यात जास्त वेळ घालवा. कार्डाच्या नावापेक्षा आधी व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, बघा. १४४०पी वर हाय किंवा अल्ट्रा टेक्स्चर (पृष्ठभागांची चित्रं) लावणाऱ्या नव्या गेमना ८ जीबी पुरत नाही. ती भरली की उरलेला डेटा पीसीआय एक्सप्रेसवरून (कार्ड आणि बोर्ड जोडणारी वाट) मुख्य रॅममध्ये ये-जा करतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठीक दिसतो, पण कॅमेरा वळवला की झटका बसतो, किंवा भिंतीचे टेक्स्चर पुसट राहतात. हे सेटिंग बदलून पूर्ण सुटत नाही आणि व्हीरॅम नंतर वाढवता येत नाही. १२ जीबी किमान, १६ जीबी निश्चिंत.

याच कारणाने एकाच नावाखाली दोन मेमरीत विकली जाणारी कार्डं नीट वाचून घ्या. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही ८ आणि १६ जीबीत मिळतात. खोक्यावरचं नाव तेच, अनुभव वेगळा. आरटीएक्स ५०६० टीआय पीसीआय एक्सप्रेसच्या फक्त ८ लेन वापरतं. तिसऱ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसच्या जुन्या बोर्डात ते बसवलं तर वाट आणखी अरुंद होते, आणि ८ जीबीच्या आवृत्तीला तो मार जास्त लागतो.

१४४०पी साठी आजची मधली पायरी म्हणजे आरटीएक्स ५०७० किंवा आरएक्स ९०७०. पहिल्यात १२ जीबी, दुसऱ्यात १६ जीबी. त्यावरची पायरी आरटीएक्स ५०७० टीआय आणि आरएक्स ९०७० एक्सटी, दोन्ही १६ जीबी. रे ट्रेसिंग (प्रकाशाचे खरे भासणारे परिणाम) खूप वापरणार असाल, किंवा त्याच पीसीवर व्हिडिओ एडिटिंग किंवा ब्लेंडर (थ्रीडी सॉफ्टवेअर) चालवणार असाल तर एनव्हिडियाकडे झुका. फक्त गेम खेळायचे असतील तर एएमडीचं १६ जीबीचं कार्ड बहुतेकदा पैशाला जास्त फ्रेम देतं. एएमडीचं एफएसआर ४ आल्यापासून अपस्केलिंगमधली (कमी पिक्सेलवरून मोठं चित्र बनवण्यातली) जुनी दरीही बरीच बुजली आहे, मात्र त्याचा आधार असलेले गेम कोणते हे आधी बघून घ्या.

एकाच चिपची वेगवेगळ्या कंपन्यांची कार्डं असतात. सर्वात स्वस्त आणि सर्वात महाग आवृत्तीत फ्रेमचा फरक बहुधा एक आकडी टक्क्यांत असतो. महागात मिळतो तो मोठा हीटसिंक आणि कमी आवाज. दोन पंख्यांचं साधं मॉडेल घेतलंत आणि उरलेल्या पैशांत चिपची पायरी वर चढता आली तर ती चढाच.

फ्रेम जनरेशनचे आकडे जाहिरातीत फार मोठे दिसतात. मधल्या फ्रेम बनवलेल्या असतात, त्यामुळे माऊसला मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेम रेटचाच राहतो. मुळात ६० एफपीएस मिळत असतील तर ही सोय छान, ३० मिळत असतील तर हालचाल गुळगुळीत दिसते पण हाताला जड लागते. कार्डांची तुलना करताना फ्रेम जनरेशन बंद असलेले आकडेच धरा, आणि सरासरीसोबत '१ टक्का लो' (सर्वात मंद एक टक्का फ्रेमचा वेग) सुद्धा पाहा.

वापरलेलं जुनं कार्ड हा बजेट ताणण्याचा मोठा मार्ग आहे, पण डोळे उघडे ठेवून. चालू पीसीवर अर्धा तास जड गेम किंवा स्ट्रेस टेस्ट लावून बघा. पडद्यावर चौकोनी ठिपके, रंगीत रेघा, पंख्याची खरखर, हॉटस्पॉटचं (चिपच्या सर्वात गरम बिंदूचं) तापमान मुख्य तापमानापेक्षा खूप वर, यातलं काहीही दिसलं तर सोडून द्या. उरलेली वॉरंटी नव्या मालकाला लागू होते का, हे कंपनीनुसार बदलतं. सौदा ठरवण्याआधी ते तपासा.

चौथा टप्पा: प्रोसेसर

१४४०पी वर आरटीएक्स ५०७० च्या तोडीच्या कार्डासोबत सहा कोरचा नवा प्रोसेसर पुरतो: रायझन ५ ७५००एफ, ७६०० किंवा ९६००एक्स. नावाच्या शेवटी एफ असेल तर आत ग्राफिक्स नसतं. उद्या कार्ड बिघडलं तर पीसीवर चित्रच दिसणार नाही, हे लक्षात ठेवून ती बचत करा.

एक्स३डी प्रोसेसर वेगळ्या जातीचे. रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये एल३ कॅशे (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) ९६ एमबी, तर रायझन ५ ७६०० मध्ये ३२ एमबी. गेमला सारखा लागणारा डेटा त्या मोठ्या कॅशेत मावतो, रॅमपर्यंत हेलपाटे वाचतात. स्ट्रॅटेजी, सिम्युलेशन, मोठ्या ऑनलाइन लढाया, २४० हर्ट्झच्या स्पर्धात्मक गेम इथे फरक डोळ्यांना दिसतो. एकट्याने खेळायच्या, चित्रावर भर असलेल्या गेममध्ये १४४०पी अल्ट्रावर तो बराच विरून जातो, कारण तिथे वाट कार्डाची बघावी लागते.

'बॉटलनेक' (एका पार्टमुळे दुसरा अडणं) किती टक्के ते सांगणारे कॅल्क्युलेटर विसरा. तुमच्या गेममध्ये रिझोल्यूशन खाली आणून पाहा. एफपीएस वाढला तर अडथळा कार्डाचा, जागचा हलला नाही तर प्रोसेसरचा. आधीचा पीसी असेल तर नवीन काय घ्यायचं याचं उत्तर या एका चाचणीत मिळतं.

सॉकेटचा, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर बसतो त्या जागेचा, विचार बजेटवाल्याने जास्त करावा. एएमडीने आपल्या एएम५ सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही आधार देऊ असं जाहीर केलं आहे. म्हणजे आज सहा कोर घेऊन दोन-तीन वर्षांनी त्याच बोर्डात एक्स३डी बसवता येतो. इंटेलचे एलजीए१७०० चे प्रोसेसर स्वस्तात मिळतात, पण त्या सॉकेटला पुढची पायरी नाही. शिवाय १३ व्या आणि १४ व्या पिढीच्या जास्त वॅटच्या चिपमध्ये व्होल्टेज गरजेपेक्षा चढून चिप कायमची बिघडण्याचा दोष होता. त्याची मायक्रोकोड (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) दुरुस्ती ऑगस्ट २०२४ पासून आली. दुरुस्ती पुढचं नुकसान थांबवते, झालेलं भरून काढत नाही. जुना आय७ किंवा आय९ वापरलेला घेताना हे विसरू नका.

पाचवा टप्पा: मदरबोर्ड आणि रॅम

एएम५ साठी बी६५० किंवा बी८५० चिपसेटचा मधला बोर्ड घ्या. एक्स६७० आणि एक्स८७० मध्ये जास्तीचे पोर्ट आणि लेन मिळतात, फ्रेम मिळत नाहीत. पाहायचं ते इतकंच: व्हीआरएमवर (प्रोसेसरला वीज पुरवणारा भाग) हीटसिंक आहे का, एम.२ चे (एसएसडीचे) किमान दोन स्लॉट आहेत का, मागे पुरेसे यूएसबी आहेत का, वायफाय लागत असेल तर बोर्डातच आहे का. आणि बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) फ्लॅशबॅकचं बटण. दुकानात महिनोन् महिने पडून असलेल्या बी६५० बोर्डात जुनं बायोस असतं आणि रायझन ९००० त्याला ओळखू येत नाही. फ्लॅशबॅक असेल तर एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर फाइल टाकून, प्रोसेसर न बसवताही बायोस चढवता येतं. नसेल तर सुसंगत जुना प्रोसेसर उसना शोधत फिरावं लागतं.

रॅम ३२ जीबी, १६ च्या दोन काड्या. डीडीआर५-६०००, सीएल३० हा एएम५ चा लाडका वेग. लेटन्सीचा (रॅमला उत्तर द्यायला लागणाऱ्या वेळेचा) खरा आकडा काढायला सीएलला २००० ने गुणा आणि वेगाने भागा. ६००० सीएल३० म्हणजे १० नॅनोसेकंद, ६००० सीएल३६ म्हणजे १२, ५६०० सीएल४० म्हणजे १४ च्या वर. सीएल३० फार महाग पडत असेल तर सीएल३६ घ्या. एक्स३डी प्रोसेसरला तर तो फरक फारसा जाणवतही नाही. चार काड्या मात्र टाळा. रायझन ७००० वर चार काड्यांचा अधिकृत वेग ३६०० पर्यंत घसरतो, आणि '६००० लिहिलंय तरी चालत का नाही' ही तक्रार बहुतेकदा इथूनच येते. १६ जीबीवर तात्पुरतं भागवायचं असेल तर ८ च्या दोन काड्यांपेक्षा १६ ची एक काडी मोह पाडते. तसं केलंत तर एकच चॅनल चालतो आणि किमान फ्रेम सपाटून पडतात.

सहावा टप्पा: एसएसडी

१ टीबी, चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्सप्रेसची एनव्हीएमई, टीएलसी फ्लॅशची. पाचव्या पिढीच्या दुप्पट वेगाचा गेममध्ये उपयोग जवळपास शून्य, उष्णता मात्र खरी. क्यूएलसी, म्हणजे स्वस्त फ्लॅशची, ड्राइव्ह अर्ध्याहून जास्त भरली की मोठ्या फाइल लिहिताना रांगते. गेमच्या जुन्या साठ्यासाठी चालेल, मुख्य ड्राइव्ह म्हणून नको.

सातवा टप्पा: पॉवर सप्लाय

फ्रेम वाढवत नाही म्हणून लोक इथेच हात आखडतात, आणि नेमका इथेच आखडायचा नाही. '८० प्लस गोल्ड' हे शिक्के वीज किती वाया जाते एवढंच सांगतात. आतले कपॅसिटर कसे आहेत, शॉर्ट झाल्यावर संरक्षण चालतं का, हे त्यावरून कळत नाही. त्या नेमक्या मॉडेलची उघडून केलेली तपासणी वाचा. एकाच कंपनीची एक मालिका उत्तम आणि दुसरी टाकाऊ असू शकते.

वॅटचा हिशेब करून दाखवतो. आरएक्स ९०७० एक्सटीचे ३०४ वॅट, एक्स३डी प्रोसेसरला मोकळ्या हाताने १२० धरा, बोर्ड, रॅम, ड्राइव्ह आणि पंखे मिळून ७०. बेरीज ४९४. ७५० वॅट घ्या. आरटीएक्स ५०७० चे २५० वॅट आणि सहा कोरचा प्रोसेसर असेल तर बेरीज सव्वाचारशेच्या आत राहते, चांगला ६५० पुरतो. वरची ही जागा उगाच सोडलेली नाही. कार्ड क्षणभर आपल्या ठरलेल्या वॅटच्या खूप वर उसळी मारतं. एटीएक्स ३.० आणि ३.१ मानकांच्या पॉवर सप्लायना ही उसळी सोसण्याची अट आहे. जुन्या किंवा हलक्या पॉवर सप्लायवर गेमच्या मध्येच पीसी फट्कन बंद होतो तो यामुळे, आणि लोक महिनाभर विंडोज पुन्हा पुन्हा टाकत बसतात.

मॉड्युलर (सुट्या निघणाऱ्या) केबलची एक गोष्ट पक्की धरा: एका पॉवर सप्लायची केबल दुसऱ्याला लावायची नाही. टोकाचा प्लग बसतो, पण पॉवर सप्लायच्या बाजूची पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची वेगळी. १२ व्होल्ट चुकीच्या पिनेवर गेले की ड्राइव्ह जागच्या जागी जळते.

आठवा टप्पा: कूलर आणि कॅबिनेट

रायझन ५ ७६०० सोबत कूलर येतो, त्यावर काम भागतं, आवाज थोडा सहन करावा लागतो. एक्स३डी खोक्यात कूलर नसतो. दोन मनोऱ्यांचा १२० मिमी पंख्यांचा एअर कूलर त्याला भरपूर होतो. लिक्विड कूलरचा पंप हा बिघडणारा आणखी एक पार्ट, आणि ते पैसे कार्डाकडे वळवले तर जास्त कामी येतात.

कॅबिनेटची पुढची बाजू जाळीची हवी. काचेची पुढची बाजू फोटोत छान दिसते आणि कार्डाचा श्वास कोंडते. पुढून दोन पंखे आत, मागून एक बाहेर, एवढं पुरेसं. मागवण्याआधी तीन मापं जुळवा: कार्डाची लांबी आणि जाडी, कूलरची उंची, पॉवर सप्लायची लांबी. मनोऱ्यांचे कूलर बहुधा १५५ ते १६० मिमी उंच असतात आणि अरुंद कॅबिनेटची काच तिथेच अडते.

जोडणी: क्रम आणि चुका

बोर्ड त्याच्या खोक्यावर ठेवून प्रोसेसर, रॅम, एम.२ आणि कूलरची पट्टी आधी बसवा. एएम५ च्या पिना बोर्डाच्या सॉकेटात असतात. प्रोसेसर वरून सरळ ठेवायचा, सरकवायचा नाही. सॉकेटचं प्लास्टिकचं झाकण जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना लागतं. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. कूलरच्या तळाची आणि एम.२ च्या थर्मल पॅडची पारदर्शक फिल्म काढली का ते दोनदा बघा. ती राहिली की प्रोसेसर मिनिटभरात ९५ अंशांना भिडतो आणि दोष पेस्टला दिला जातो.

कॅबिनेटातले पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवणारे छोटे खांब) बोर्डाच्या छिद्रांशी जुळवा. जिथे छिद्र नाही तिथे राहिलेला स्टँडऑफ बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट करतो. प्रोसेसरचा ८ पिनी प्लग ४+४ असा दुभंगतो, कार्डाचा ६+२ असा. जोर लावावा लागला तर चुकीचा प्लग हातात आहे. कार्डाला दोन ८ पिनी सॉकेट असतील तर दोन वेगळ्या केबल द्या, एकाच केबलची दोन टोकं नकोत. १६ पिनी कनेक्टर असेल तर तो कट् आवाज होईपर्यंत, फट अजिबात न दिसता आत गेला पाहिजे. अर्धवट बसल्यामुळे काही पिनांवरच भार येतो आणि प्लास्टिक वितळतं. प्लगपासून साधारण ३५ मिमीपर्यंत केबल वाकवू नका.

पहिला स्टार्ट आणि त्यानंतर

एएम५ पहिल्यांदा चालू केल्यावर पडदा काही मिनिटं काळाच राहतो. रॅमचं ट्रेनिंग (बोर्ड रॅमशी वेळ जुळवून घेतो) चालू असतं. घाबरून बटण दाबू नका, दहा-पंधरा मिनिटं थांबा. तरीही काही नाही, तर बोर्डावरचा छोटा एलईडी रॅम, प्रोसेसर की कार्ड यातल्या कशापाशी अडलाय ते पाहा. रॅमपाशी असेल तर एकच काडी ठेवून पुन्हा प्रयत्न करा.

चित्र आलं की आधी बायोस अद्ययावत करा. २०२३ मध्ये एक्स३डी प्रोसेसर जास्त एसओसी (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाच्या) व्होल्टेजने जळाल्याच्या घटना घडल्या, त्यानंतर नव्या बायोसमध्ये ते १.३ व्होल्टवर अडवलं गेलं. मग एक्सपो (रॅम तिच्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारं सेटिंग) चालू करा. ते विसरलात तर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते आणि पीसी तक्रारही करत नाही. रिसायझेबल बार (प्रोसेसरला सगळी व्हीरॅम एकदम वापरू देणारं सेटिंग) चालू आहे का तेही पाहा. सेक्युअर बूट आणि टीपीएम ही सुरक्षेची सेटिंगही इथेच चालू करा, काही ऑनलाइन गेम त्याशिवाय उघडत नाहीत.

मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला लावा, बोर्डाला नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट हाताने निवडा. १६५ हर्ट्झचे कित्येक मॉनिटर वर्षभर ६० वर चालत असतात.

शेवटी चाचणी. रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट८६ ची एक पूर्ण फेरी, त्यात एकही चूक चालत नाही. चूक आली तर एक्सपो बंद करून पुन्हा पाहा. तरीही आली तर काडी बदलून घ्या. मग अर्धा तास जड गेम. ७८००एक्स३डी ची मर्यादा ८९ अंश आहे, गेममध्ये तो त्याच्या बराच खाली राहायला हवा. कार्ड जास्त आवाज करत असेल तर पॉवर लिमिट ८५ ते ९० टक्क्यांवर आणून पाहा. फ्रेम थोड्याच कमी होतात, पंखे मात्र चटकन शांत होतात. हे सगळं पार्ट परत करण्याची मुदत संपण्याआधी उरका, आणि तोवर खोकी फेकू नका.